काही घाई नाही

बेक्सहिल, १२ जून २०१४

प्रिय उना,

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची कोणी यादी करायला घेतलीच, तर आमच्या जिन्यातल्या दिव्याला तीत मानाची जागा मिळावी, अशी माझी नम्र मागणी आहे. खालच्या दाराशी एक बटण आहे. ते दाबलं की दिवा लागतो आणि ठरलेल्या वेळाने आपणहून विझतो. ही वेळ मिस्टर विकस्टेडांनी एकोणीस वर्षांपूर्वी, या घराचे चार फ्लॅट केले तेव्हा, स्वतःच्या चालीवरून ठरवली. ते राहतात तळमजल्यावर. मी राहते सगळ्यात वर. त्यामुळे दुसऱ्या वळणावर, एका हातात बटाटे आणि दुसऱ्या हातात दूध अशा अवस्थेत, मी रोज संध्याकाळी आंधळी होते.

तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू? दिवा माझा नाही, जिना माझा नाही. मी हा फ्लॅट विकत घेतला तेव्हाच्या कागदानुसार भिंतींच्या आतलं प्लास्टर माझं आणि जमिनीच्या फळ्यांची वरची बाजू माझी. फळ्यांची खालची बाजू मिस्टर विकस्टेडांची. मागच्या आठवड्यात बाथरूमचा बल्ब गेला, तेव्हा जिन्याखालच्या कपाटातून त्यांचा एक उसना आणला. परत करायचा आहे. मला आठवण कर.

आता मुख्य बातमी. अलेक रेनीचं तुझ्या शेजारचं घर विकायचं आहे आणि मी यावं असं तू लिहिलंस, ते पत्र मी तीनदा वाचलं. येते. फ्लॅट विकते आणि येते. दातांच्या दवाखान्यात लोकांना तारखा देत बसण्याचं काम तिकडेही कोणीतरी देईलच. फक्त एक गोष्ट आधी करावी लागेल. माझा भाडेपट्टा नव्याण्णव वर्षांचा होता, तो आता ऐंशीच्या जवळ आलाय. तो वाढवून घेतल्याशिवाय गिऱ्हाईक दार वाजवत नाही म्हणतात. मिस्टर विकस्टेड भला माणूस आहे, होईल. पण त्यांची बायको, ऑड्री, फार आजारी आहे. खालच्या पुढच्या खोलीत आता पलंग टाकलाय.

तुझी,
पिप

पोर्टसॉय, २० जून

प्रिय पिप,

तुझं पत्र वाचलं आणि मला वाटलं माझे कान गेले तसे आता डोळेही गेले. तू तो फ्लॅट विकत घेतलास. तुझ्या आईचं घर विकून आलेले सगळे पैसे त्यात घातलेस. आणि आता सांगतेस की तो तुझा नाही, आणि तो विकण्याआधी ज्याने तुला विकला त्यालाच पुन्हा पैसे द्यायचे? आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये घर घेतलं म्हणजे घेतलं. फळीच्या दोन्ही बाजूंसकट. मी हे अलेकला वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याला खाली बसवावं लागलं. मग म्हणाला, वसंतापर्यंत थांबतो, बिचारीला सवड देऊ.

त्याचं ते आईकडून आलेलं घर आणि माझं घर यांत एकच भिंत आहे. मला आता दाराची घंटा ऐकू येत नाही, किटलीची शिट्टी ऐकू येत नाही, परवा दूध उतू गेलं आणि जळल्याच्या वासाने कळलं. पण त्या भिंतीला तळवा लावला की पलीकडचा ठोका कळतो. अलेकने हातोडीने ठोकून पाहिलं, मला कळलं. तू पलीकडे असलीस तर सकाळी एक ठोका दे, म्हणजे मी जिवंत आहे की नाही ते तुला कळेल आणि तू आहेस ते मला. याहून जास्त काही मागत नाही.

तो कागद लवकर कर. आणि बल्ब परत कर.

उना

बेक्सहिल, ३ ऑगस्ट

प्रिय उना,

वकीलबाईकडे जाऊन आले. बाईंनी गणित समजावलं. पट्ट्याची ऐंशी वर्षांहून जास्त मुदत शिल्लक असेल तोवर वाढवून घेणं माझ्या बचतीत, नाक दाबून का होईना, बसतं. ऐंशीच्या खाली गेलं, एका दिवसाने गेलं तरी, की मुदतवाढीमुळे फ्लॅटची जी किंमत वाढेल तिचा अर्धा वाटा मालकाला द्यायचा. तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत, आणि उसने द्यायला तुझ्याकडेही नाहीत, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. आमची शिल्लक मुदत मायकेलमसच्या सणादिवशी, २९ सप्टेंबरला, बरोबर ऐंशीवर येते. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत मिस्टर विकस्टेडांच्या हातात नोटीस पडली पाहिजे. पडली की त्या दिवसाचा भाव पक्का. मग पुढचं सगळं सावकाश झालं तरी चालतं.

नोटीस तयार आहे. लांब, पांढऱ्या पाकिटात. मी ती बॅगेत घालून रोज खाली जाते आणि रोज वर आणते.

हसू नकोस. ऑड्रीला फक्त पातळ पदार्थ चालतात, म्हणून मी दर दोन दिवसांनी लीक-बटाट्याचं सूप नेते. एका हातात पातेलं, खांद्याला बॅग, बॅगेत पाकीट. दार उघडतात ते मिस्टर विकस्टेड. ॲप्रन घातलेला, डोळे लाल. ते म्हणतात, 'मिस गॉस्लिंग, तुमचे उपकार कसे फेडू?' अशा वेळी मी काय करू? पातेलं देऊन म्हणू, हे सूप, आणि ही कायदेशीर नोटीस? मागच्या आठवड्यात सूप हिंदकळून पाकिटावर सांडलं. वकीलबाईंनी नोटीस नवी टाइप करून दिली आणि बिलही नवं दिलं.

पण काळजीचं कारण नाही. परवा ते मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते, तेव्हा मी विषय काढलाच. म्हणजे मी हवेबद्दल बोलले, मग भिंतीच्या ओलीबद्दल, मग घर किती जुनं झालं त्याबद्दल, आणि ते स्वतःच म्हणाले, तुमचा पट्टा वाढवायचा असेल ना, शेजाऱ्याशेजाऱ्यांत वकील कशाला, हे सगळं एकदा निभावलं की जुन्या भावात करून टाकू. आत खिडकीशी ऑड्री उशीला टेकून बसली होती. तिने मान हलवली. जिन्याचा दिवाही जास्त वेळ ठेवू म्हणाले. म्हणजे बघ.

पिप

पोर्टसॉय, ११ ऑगस्ट

पिप,

'हे सगळं निभावलं की' म्हणजे काय, ते तुला कळतं ना? त्याचा अर्थ ऑड्री मेली की. आणि ती मायकेलमसच्या आधी मरेल की नंतर, यावर तू माझं शेजारघर टांगून ठेवलंयस.

तो माणूस भला आहे हे मी मान्य करते. म्हणूनच सांगते, त्याला नोटीस दे. भल्या माणसाला नोटीस दिली की तो म्हणतो, बरं झालं आठवण केलीत. तुझ्याच्याने देववत नसेल तर पोस्टात टाक. एक तिकीट लाव आणि टाक.

तुम्ही दक्षिणेकडची माणसं घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्याला विचाराल, तुमची झोपायची वेळ तर नाही ना? माझी आई, तुझी मावशी, तुमच्यातलीच होती, मला माहीत आहे. मरताना तिने डॉक्टरची माफी मागितली होती, वेळ घेतला म्हणून.

पोस्टात टाक.

उना

बेक्सहिल, ३० सप्टेंबर

प्रिय उना,

मी पोस्टात टाकलं नाही. ज्याच्या डोक्यावर मी राहते त्या माणसाला पोस्टाने पत्र पाठवायचं, म्हणजे पोस्टमनने ते त्याच्याच दारात टाकायचं, ज्या दारातून मी सूप नेते. ते माझ्याच्याने होईना. मी म्हटलं, समोर बसून, नीट बोलून देईन.

ऑड्री बुधवारी गेली. सकाळी. अंत्यविधीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे, इथे नेहमी असंच होतं, माणूस जातो आणि मग दोन-तीन आठवडे काहीच होत नाही. त्या मधल्या दिवसांत कोणी कुठला विषय काढत नाही. फुलं येतात, कार्डं येतात, आणि सगळे जिन्यातून हळू चालतात.

रविवारी, शेवटच्या दिवशी, दुपारी मी खाली गेले. या वेळी सूप नव्हतं, नुसतं पाकीट होतं. मिस्टर विकस्टेडांनी आत बोलावलं, चहा केला, बिस्किटांचा डबा उघडला. पुढच्या खोलीतला पलंग नेला होता, गालिच्यावर त्याच्या पायांचे चार खड्डे होते. अंत्यविधीला कोणतं स्तोत्र घ्यावं, असं त्यांनी मला विचारलं. ते आम्ही ठरवलं. मग ते म्हणाले, 'मिस गॉस्लिंग, तुमचं ते पट्ट्याचं काम राहिलंय ना? मायकेलमसच्या सुमारास काहीतरी होतं. ऑड्री मला सारखी आठवण करायची.'

उना, त्यांनी विचारलं. त्यांनी स्वतःहून विचारलं. बॅग माझ्या मांडीवर होती, पाकीट बॅगेत होतं आणि माझा हात बॅगेच्या चेनवर होता.

आणि मी म्हणाले, 'छे, छे. त्याचं काय एवढं. काही घाई नाही.'

'नक्की ना?'

'अगदी नक्की.'

'तुम्ही फार समजूतदार आहात,' असं म्हणून त्यांनी डबा पुढे केला. मी बिस्किट घेतलं. खाल्लंही. मग वर आले. दुसऱ्या वळणावर दिवा गेला.

आज मंगळवार. आता ऐंशीला एक दिवस कमी आहे. अर्थात त्यांनी जुन्या भावाचा शब्द दिलाय, आणि तो माणूस शब्द मोडणारा नाही.

पिप

पोर्टसॉय, ८ ऑक्टोबर

पिप,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. पहिले तीन दिवस मी जे लिहिलं ते चुलीत घातलं.

त्याला अंत्यविधीनंतर लगेच वकिलाकडे ने. हाताला धरून ने. अलेकला मी सांगितलंय, तो थांबेल.

उना

बेक्सहिल, २४ नोव्हेंबर

प्रिय उना,

अंत्यविधी छान झाला. स्तोत्र सगळ्यांना आवडलं. मिस्टर विकस्टेड म्हणाले, सोमवारी आपण दोघं वकिलाकडे जाऊ. शनिवारी ते स्वयंपाकघरात पडले. पक्षाघात. मीच रुग्णवाहिका बोलावली. आता ते हेस्टिंग्जच्या बाजूला एका वृद्धाश्रमात आहेत. मी दोनदा जाऊन आले. ते माझा हात धरतात आणि मला ऑड्रीची बहीण समजतात. तिला बहीण नव्हती.

कारभार आता पुतण्याकडे आहे. जाइल्स त्याचं नाव. तसा अधिकार देणारा कागद त्यांनी पूर्वीच करून ठेवला होता. बघ, माणूस किती व्यवस्थित. मला वाटलं पुतण्या म्हणजे कोणी लांडगा असेल, मग निदान भांडता तरी आलं असतं. तर तो केक घेऊन आला. माझ्या सोफ्याच्या कडेला बसला आणि मी सांगितलं ते सगळं त्याने ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाला, 'काकांनी तुम्हाला शब्द दिला होता, हे मला ठाऊक आहे. काकूच मला म्हणाली होती.'

मी म्हटलं, मग झालं तर.

'नाही ना,' तो म्हणाला. 'काका स्वतः हवं तर पैसे सोडू शकले असते, ते त्यांचे होते. मी त्यांच्या पैशांचा राखणदार आहे. आश्रमाचा खर्च तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या वतीने मी एवढी सूट दिली, तर उद्या मलाच जाब द्यावा लागेल.' आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, 'तुम्ही नुसती नोटीस दिली असती, मिस गॉस्लिंग, तर मला काही ठरवावंच लागलं नसतं. आम्हाला बरंच वाटलं असतं.'

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला रुमाल दिला. सगळे माझ्यावर विश्वास ठेवतात, उना. कोणी नाही म्हणतच नाही.

मध्यंतरी एक जोडपं फ्लॅट बघून गेलं होतं, ते लिहायचं राहिलं. त्यांची बँक ऐंशीच्या खाली पाऊल टाकत नाही. त्यांनी फार सुंदर पत्र लिहून माघार घेतली, खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राची स्तुती केली. आहे तसा विकला तर जे पैसे येतील, त्यात अलेकच्या घराचं छप्पर आणि दार येईल, भिंती येणार नाहीत. तरी मी प्रयत्न करते आहे. अलेक कसा आहे? त्याला सांग, वसंत अजून लांब आहे.

पिप

पोर्टसॉय, ५ डिसेंबर

प्रिय पिप,

अलेक बरा आहे. वारा फार आहे. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, सावकाश बघ. कानाच्या दवाखान्यातल्या मुलीने मला कानाचं नवं यंत्र लावून पाहायला सांगितलंय, बघू. भिंत आहे तिथेच आहे.

बल्ब दिलास का?

उना

बेक्सहिल, ९ फेब्रुवारी २०१५

प्रिय उना,

ख्रिसमसनंतर मला तुझी दोन पत्रं आली. दोन्हींत हवामान होतं. तू मला ओरडत नाहीस याचीच आता भीती वाटायला लागली आहे.

तीन दलाल येऊन गेले. तिघांनीही तोच आकडा सांगितला, तिघांनीही बूट काढू का असं विचारलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कर्ज मिळतं का पाहा म्हटलं. बँकेतल्या मुलाने माझं वय विचारलं आणि मग फार हळुवारपणे संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला. वकीलबाई म्हणतात, थांबून उपयोग नाही, दरवर्षी मुदत कमी होणार आणि आकडा वाढणार. म्हणजे नुसती खुर्चीत बसून राहिले तरी मी गरीब होत जाते. हे कसब सगळ्यांना जमत नाही.

तेव्हा आता सरळ लिहिते. मला येता येणार नाही. अलेकला सांग, माझ्यासाठी अडून राहू नकोस, ज्याला हवं त्याला घर दे. त्याने इतके महिने वाट पाहिली याबद्दल मी त्याला वेगळं पत्र लिहीन. तुला सकाळी ठोका द्यायला मी नसेन. याबद्दल काय लिहायचं ते मला कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

पिप

पोर्टसॉय, १९ फेब्रुवारी

प्रिय पिप,

अलेकला पत्र लिहू नकोस.

त्याने घर नोव्हेंबरमध्येच विकलं. तुझं ते केकवाल्या पुतण्याचं पत्र आलं, त्याच आठवड्यात. त्याला बोटीच्या इंजिनासाठी पैसे हवे होते, गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि तो माझ्याकडे येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला. कागदावर लिहून विचारलं, तुझी मावसबहीण येईल का? मी त्याच कागदावर लिहिलं, नाही येणार, विक. मला तेव्हाच कळलं होतं.

मग तुला कळवायचं राहिलं. डिसेंबरमध्ये लिहायला बसले तर वाटलं, ख्रिसमस होऊ दे. मग वाटलं, दलाल काय म्हणतात ते कळू दे, बिचारी धडपडते आहे. मग दर आठवड्याला ते आणखी अवघड होत गेलं. मी वाऱ्याबद्दल लिहीत राहिले. तू मला काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणू नकोस. मी आईची मुलगी आहे, इतकंच.

पलीकडे तरुण जोडपं आलंय, ॲबरडीनचं. बाळ आहे. पाळणा त्यांनी भिंतीला लावून ठेवलाय. पाळणा हलवला की भिंतीला लागतो. संध्याकाळी मी तळवा लावून बसते. मला कळतं. त्यांना अजून सांगितलं नाही मी, भिंत हलते म्हणून. त्यांना वाटेल तक्रार करते आहे, आणि ते पाळणा दुसरीकडे ठेवतील.

उना

बेक्सहिल, २ मार्च

प्रिय उना,

मी काही म्हणत नाही.

त्यांना सांगू नकोस. पाळणा तिथेच राहू दे. बाळ मोठं झालं की तिथे काहीतरी दुसरं ठेवतील, मुलं भिंतींवर काही ना काही आपटतच असतात. उन्हाळ्यात आठवडाभर येते, गाडीचं तिकीट स्वस्तात मिळतं का बघते. तुझ्या बाजूने आपण दोघी तळवे लावून बसू.

खालचा फ्लॅट रिकामा आहे. जाइल्स आठवड्यातून एकदा येतो, पोस्ट घेतो आणि मला हात करतो. काल त्याने जिन्याखालचं कपाट आवरायला घेतलं होतं आणि अर्धवट टाकून गेला. संध्याकाळी मी दवाखान्यातून येताना दुकानातून एक बल्ब घेतला. साधा, त्यांच्याकडे असायचा तसलाच. कपाटात त्यांच्या हस्ताक्षरातलं खोकं अजून आहे, 'जिना' असं लिहिलेलं. त्यात ठेवला. जाइल्सला सांगितलं नाही, त्याने आभार मानले असते.

मग दाराशी जाऊन बटण दाबलं आणि चढायला लागले. दुसऱ्या वळणावर दिवा गेला. उरलेला जिना आता मला पाठ आहे.

तुझी,
पिप